ड्रायव्हरसाहेब सायकल शिकतात

आमच्या घरात एकाच वर्षी दोन माणसं निवृत्त झाली, ते काही घराला झेपलं नाही. आधी मी, मग हे. मी हॉस्पिटलच्या शिवणखात्यात होते. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, काहीही उसवलं की ते माझ्या मशीनखाली यायचं. आमचे हे बसचे ड्रायव्हर. आयुष्यभर काचेतून रस्ता बघायची सवय, ती निरोपाच्या हारतुऱ्यांनी सुटते थोडीच! दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुर्ची ओढून खिडकीशी लावली आणि तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या शहराची वाहतूक सांभाळायला घेतली.

कोणाचा इंडिकेटर डावीकडचा आणि वळला उजवीकडे, कोणी झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी केली, कोण उगाच हॉर्न वाजवतोय, सगळं मला आत ऐकू यायचं. मी भाजी चिरता चिरता "हूं" म्हणायची. उंटावरच्या शहाण्याला हूं म्हणणारं कोणी लागतंच. पण एक दिवस पाहते तर त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची. माझ्यासाठी. खाली उशीसुद्धा ठेवलेली. ठेवली होती प्रेमानेच, तरी मला धडकी भरली.

कारण मी मनाशी वेगळंच ठरवून निवृत्त झाले होते. मला दिवसातला एक तास हवा होता, फक्त माझा. त्या तासात मी कुठे आहे हे कोणी विचारणार नाही आणि परत आल्यावर कोणी ताटकळत बसलेलं नसेल. मोठी मागणी नव्हती. पण आधी नोकरी, मग लेक, मग सासूबाईंचं आजारपण, या सगळ्यांत तो तास कधी निघालाच नाही. आता निघत होता, तर तो खिडकीत बसून दुसऱ्यांचे इंडिकेटर बघण्यात जाणार होता.

तासाचं काय करायचं हेही ठरलेलं होतं. लहानपणी मला एक गोष्ट फार छान यायची, सायकल. माझ्या वडिलांचा दुधाचा धंदा होता. घरोघरी बाटल्या पोचवायचं काम माझ्याकडे, कारण भाऊ झोपाळू. परत येताना रिकाम्या बाटल्या खणखणायच्या, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि मी दोन्ही हात सोडून सायकल चालवायची. लग्न झालं आणि सायकल माहेरी राहिली. कोणी मनाई केली नव्हती हो. सासरी सायकल नव्हती, एवढंच. आणि नंतर आठवण काढायलाही सवड झाली नाही.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे एक जुनी लाल सायकल पाहून ठेवली होती. त्याने विचारलं, नातीसाठी घेताय का? म्हटलं, हो, मीही कोणाची तरी नात आहेच. त्याने निमूटपणे सीट खाली केली.

बाजारामागच्या मैदानात सकाळी कुत्र्यांशिवाय कोणी नसतं. लेकीने टाकून दिलेली ट्रॅक पँट चढवली आणि तिथे गेले. लोक म्हणतात, सायकल एकदा आली की आयुष्यात विसरत नाही. हे अर्धंच खरं आहे. बसायचं कसं ते मला लगेच आठवलं. एक पाय पेडलवर, दुसऱ्याने दोनदा ढकललं, आणि निघाले. वारा तोंडावर आला आणि मी मोठ्याने हसले, एकटीच. पण उतरायचं कसं ते काही केल्या आठवेना. थांबायला जावं तर कुठला पाय आधी काढायचा? मग काय, घातल्या फेऱ्या. दमेपर्यंत घातल्या आणि शेवटी भिंतीला खांदा घासत थांबले. कुत्र्यांनी माना वळवल्या आणि ती परत झोपली.

घरी आले ती कोपर सोलून. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. यांना सांगितलं तर हे खिडकीतून उठलेच. ते चेष्टा करतील अशी माझी तयारी होती, पण त्यांचा चेहरा उतरला.

"मैदानात काय करायचं ते कर," ते म्हणाले. "रस्त्यावर जायचं नाहीस. मी उंचावर बसायचो. सायकलवाला मला वरून दिसायचा, आणि कधीकधी दिसायचाच नाही. माझ्या हातून काही झालं नाही ते नशीब. तुला त्या रस्त्यावर मी सोडणार नाही."

ते काही उगाच बोलत नव्हते, हे मलाही कळत होतं. पण मैदानात गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे? मला तळ्याच्या रस्त्याने जायचं होतं. दोन्ही बाजूंनी झाडं, शेवटी पाणी. मी म्हटलं, ठीक आहे, मग तुम्हीही चला, तुमच्याइतका रस्ता कळणारा दुसरा कोण आहे? झालं. यांचा गुडघा दुखायला लागला. मग चष्मा घसरायला लागला. मग म्हणाले, चपलेने पेडल मारता येत नाही. मी म्हटलं, बूट घाला. तर बूट चावतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हणायला आणि माझ्या डोक्यात उजेड पडायला एकच गाठ पडली.

"अहो," मी विचारलं, "तुम्हाला सायकल येते ना?"

ते बाहेर बघायला लागले. "ट्रक येतो," ते म्हणाले. "बस येते. ट्रॅक्टर येतो. एकदा क्रेनही हलवली होती."

"मी सायकलचं विचारते आहे."

"ती शिकायची राहिली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लहानपणी घरात सायकल नव्हती. मिसरूड फुटायच्या आत ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, तिथून थेट स्टिअरिंगवर. एवढं मोठं धूड चालवणाऱ्याने दोन चाकांची भीती वाटते हे कोणाला सांगायचं? बायकोला तर नाहीच नाही. लेकीला सायकल शिकवायची वेळ आली तेव्हा यांची नेमकी लांब पल्ल्याची ड्युटी कशी लागली होती, तेही मला आत्ता कळलं. मला हसू फुटत होतं, पण ओठ दाबून धरले. इतक्या वर्षांनी हाती आलेलं गुपित हसण्यावारी घालवायचं नसतं.

तडजोड अशी झाली की मी यांना शिकवायचं, आणि यांना आली की दोघांनी तळ्याच्या रस्त्याने जायचं. सायकलवाल्याने यांच्या उंचीची एक काळी सायकल आणून दिली. लोक उठायच्या आत आम्ही मैदानात हजर व्हायचो, कारण ड्रायव्हरसाहेबांना कोणी पाहिलं तर काय घ्या!

पहिल्या दिवशी त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली. दोन्ही टायरना लाथ मारून पाहिली. मग विचारलं, आरसा कुठे आहे? आरशाशिवाय ते गाडी हलवायला तयार नव्हते, म्हणून आरसा बसवून आणला. मी मागून सीट धरली, ते बसले, आणि वळण आलं तसं त्यांनी हँडल दोन्ही हातांनी गरागरा फिरवलं. आम्ही दोघंही आडवे. मी सांगितलं, अहो, नुसतं बोटाने सांगायचं असतं त्याला. पुढच्या वळणाला त्यांनी अर्धं मैदान सोडून एवढा लांबलचक वळसा घेतला की मला धावता धावता धाप लागली. म्हणाले, मागचा भाग कडेला घासला असता. मी म्हटलं, मागे बस नाही, मी आहे.

पण तोल मात्र त्यांना लवकर सापडला. गाडीची जाण होतीच अंगात. मी सीट सोडली तरी त्यांना कळलं नाही, सरळ जात राहिले. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात समोर वाळूचा ढीग आला. मी ओरडले, ब्रेक! त्यांनी उजवा पाय पेडलवरून उचलला आणि हवेत जोरात दाबला. हवा काय थांबवणार? सायकल वाळूत, हे वाळूत.

असं एकदा झालं नाही. ढीग टाळला तर झाड, झाड टाळलं तर भिंत. हाताजवळ ब्रेक आहे हे ते मला पाठ म्हणून दाखवायचे. जागेवर उभं असताना बरोब्बर दाबायचे. पण समोर काही आलं की हात हँडल घट्ट धरायचे आणि पाय खाली जायचा. आयुष्यभर ज्या पायाने बसभर माणसं सुखरूप थांबवली, तो पाय आता ऐकेना. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा पालथा नव्हता, काठोकाठ भरलेला होता.

शेवटी एकदा ते वाळूतच बसून राहिले. कानात वाळू, चष्मा एका कानावर. "डोक्याला कळतंय," ते म्हणाले. "पायाला कळत नाही. सोड तू. तू तुझं मैदानात फिर, मी खिडकीत बरा आहे."

मला त्यांची फार माया आली. आणि रागही आला, कारण ते खिडकीत गेले की तळ्याचा रस्ता माझ्यासाठीही बंद होता. त्या दिवशी घरच्या शिवणाच्या मशीनवर बसले होते. पाय मशीनच्या खालच्या पट्टीवर होता, मधेच थांबायला टाच मागे दाबली, आणि आठवलं. माझ्या दुधाच्या सायकलीला हँडलवर ब्रेकच नव्हता! हँडलला बाटल्यांच्या पिशव्या असायच्या, म्हणून वडिलांनी मुद्दाम तशी घेतली होती. पेडल उलटं दाबलं की सायकल थांबायची. पायाने. मी तशीच उठून सायकलवाल्याकडे गेले. असलं चाक आता कोणी मागत नाही, म्हणाला, पण माळ्यावर चढून एक गंजकं काढलंच त्याने आणि काळ्या सायकलीला बसवून दिलं.

दुसऱ्या सकाळी यांना काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, आज थांबायचं झालं तर पाय उचलू नका, पेडलवरच ठेवून टाच मागे दाबा. वेग आला, वाळूचा ढीग आला, पाय दाबला गेला आणि सायकल ढिगाच्या अलीकडे करकचून उभी राहिली. ते तसेच बसून राहिले. मग परत थोडं चालवून परत दाबलं. परत थांबली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि या माणसाशी लग्न केलं ते बरंच केलं, असं मला फार दिवसांनी वाटलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, ते मला तळ्याच्या रस्त्यावर कळलं.

आम्ही रोज निघायला लागलो. मी पुढे, हे मागे. आणि मागून अखंड सूचना. डावीकडे राहा. खड्डा बघ. हात दाखव. हात आधी दाखवायचा, वळल्यावर नाही. तुझी सीट वर हवी. तुझी चेन वाजते. त्या ट्रकवाल्याचा भरवसा नाही, त्याला जाऊ दे. निघायची वेळ त्यांनी ठरवली, परत फिरायची त्यांनीच ठरवली, आणि दोन्ही मिनिटावर पाळू लागले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं. हँडल फिरवता येत नव्हतं तो माणूस आता मला हँडल कसं धरायचं ते शिकवत होता. त्यांचा चेहरा असा खुलला होता की काही बोलायची सोय नव्हती. लेक फोनवर म्हणायची, आई, बाबांचा आवाज किती बदललाय! मी म्हणायची, हो ना, मोठा झालाय.

खिडकी सुटली होती, हे खरं. पण खिडकीच आता माझ्या मागे मागे सायकलवरून यायला लागली होती. माझा तास पुन्हा गेला तो गेलाच.

एका सकाळी तळ्याशी पोचलो तेव्हा काठावर एक बगळा उभा होता, एका पायावर, अगदी जवळ. मी थांबले. मला तो नुसता बघायचा होता. मागून आवाज आला, इथे वळण आहे, इथे थांबू नको, पुढे झाडाखाली घे. बगळा उडाला.

"मला एकटीला यायचंय," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी बगळ्यावरून चिडले. म्हणाले, येईल परत.

"बगळ्याचं नाही," मी म्हणाले. "रोज एक तास मला एकटीला यायचंय. तुम्ही मागे असता तेव्हा मी तुमच्याबरोबर असते. घरीही असतेच की. मला एक तास कोणाबरोबरच नको आहे."

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. परतीच्या रस्त्यावर एकही सूचना आली नाही. खड्डे आले, ट्रक आले, मागून फक्त त्यांच्या चाकाचा आवाज. घरी आल्यावर चहा झाला, जेवण झालं, सगळं नीट, फार नीट. आमच्याकडे भांडण असलं की भांडी वाजतात. त्या दिवशी चमचाही वाजला नाही. पुढचे काही दिवस सायकली जिन्याखालीच राहिल्या. मी मनात कितीदा म्हटलं, जाऊ दे, चला म्हणावं यांना. पण म्हटलं नाही. कारण एकदा चला म्हटलं असतं, तर तो तास मी पुन्हा कधी मागू शकले नसते.

मग एक दिवस उठून पाहते तर हे अंथरुणात नाहीत. खाली गेले. जिन्याशी बसून ते माझ्या सायकलीत हवा भरत होते. चेनला तेल झालं होतं, सीट पुसलेली होती. काळी सायकल तशीच धुळीत.

"जा," ते म्हणाले. पंपाची नळी गुंडाळता गुंडाळता त्यांचं तोंड एकदा उघडलं. मला वाटलं, आता ट्रकवाल्यांविषयी काहीतरी येणार. त्यांनी ते मिटलं. त्या माणसाने रस्त्यावर काय काय पाहिलंय हे मला ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी तोंड मिटलं. एवढं जड ओझं त्यांना उचलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी गेले. पहिला अर्धा रस्ता मागे आवाज नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. खड्डा आला की मीच स्वतःला सांगायची, खड्डा बघ. मग झाडं लागली. मग मी काहीच सांगेनाशी झाले. तळ्याच्या कडेला मला वाटलं तिथे थांबले, अगदी वळणावर, मग जरा अपराधी वाटून दोन पावलं आत सरकले. पाणी बघितलं. कसला विचार केला म्हणाल तर काहीच नाही. परत येताना सपाट रस्त्यावर एक हात सोडला. दुसरा सुटेना, पण एक सुटला. मला इतका आनंद झाला की सांगायला कोणी नव्हतं याचाही आनंद झाला.

घरी आले तर हे दारातच. कुठवर गेलीस, किती वाजले, काही विचारलं नाही. नुसतं नखशिखांत पाहून घेतलं, सगळे हातपाय जागेवर आहेत ना ते, आणि चहा टाकला.

असं सुरळीत चाललं. आणि मग एका सकाळी मी परत आले तर दाराला कुलूप. काळी सायकलही नाही. एकटे ते कधीच गेले नव्हते. मी माझ्या किल्लीने दार उघडलं, खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि रस्त्यावरच्या एकेका सायकलवाल्याकडे बघायला लागले. बऱ्याच वेळाने हे आले. शीळ घालत जिना चढले. केस ओले, विंचरलेले.

"कुठे गेला होतात?" मी विचारलं.

"मी विचारतो का तुला?" ते म्हणाले. रागाने नाही. अगदी गोड.

माझ्याच पायावर मीच पाडलेला धोंडा. त्यांचाही एक तास असू शकतो, हे मागणी करताना माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पण मी आयुष्यभर कापड हाताळलेली बाई. संध्याकाळी दोरीवर त्यांचा टॉवेल वाळत होता, तो उचलला, आणि नाकाला कळलं. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचा तो वास, औषधी. आता रोज सकाळी परत येताना यांच्या डोळ्यांभोवती चष्म्यापेक्षा मोठी दोन गोल वर्तुळं उमटलेली असतात. जेवायला बसले की भाजीची वाट बघता बघता त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेने हवेत पुढे जातो, पाणी कापतो आणि परत येतो. मी ताट वाढलं की तो दचकून मांडीवर जातो. म्हणजे यांना पोहताही येत नव्हतं. अजून काय काय येत नाही, देव जाणे.

मला विचारावंसं इतकं वाटतं की रात्र रात्र ओठांवर येतं. पाण्यातही पाय ब्रेकवर जातो का? कोण शिकवतं? बुडत नाही ना हो तुम्ही? मी विचारत नाही. टॉवेल नीट धुते, वाळवते, घडी करून त्यांच्या हाताशी ठेवते आणि माझी सायकल काढते.

काल लेकीचा सकाळीच फोन आला. बाबा कुठे आहेत, म्हणाली. मी म्हटलं, मला काय माहीत. यांच्याविषयी इतकं मायेने मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.